रिकंडिशन टेबल सॉ घेताना रंगाखाली काय बघायचं?

खानापूर भागातल्या एका सुताराचा प्रश्न आहे. काही वर्षं ते गोव्यात फर्निचरच्या कामावर होते, आता गावातच स्वतःची शेड टाकतायत. कोल्हापूरच्या बाजूच्या एका व्यापाऱ्याने त्यांना 12 इंची, पातं कलणारा, 3 एचपी थ्री फेजचा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं लाकूड कापायचं मशीन, दाखवलाय. 'पूर्ण रिकंडिशन', ताजा हिरवा रंग, भाव 85 हजार आणि सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी. त्यांचं विचारणं असं, की हा घ्यावा का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

फोटो बघून 'घ्या' किंवा 'नको' म्हणणं मला जमणार नाही, आणि दुसरं कुणी म्हणालं तर त्याचंही ऐकू नका. लाकूडकामाची जुनी मशीनं उघडायची आणि परत बसवायची हे माझं बेळगावातलं रोजचं काम. जुन्या मशीनमध्ये दोष असणारच, त्याचं काही वाटून घेऊ नका. तो कुठल्या भागात आहे एवढंच शोधायचं. आपल्याकडे उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे फाउंड्र्या आहेत, लेथवाले आहेत, ग्राइंडिंग करून देणारे आहेत, मोटर वाइंडिंगवाले तर तालुक्याच्या गावातही सापडतात. त्यामुळे दुसरीकडे भंगारात गेलं असतं असं मशीन इथे थोडक्यात उभं राहतं. पण दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे दोष असेल तर कितीही तरबेज टर्नर मिळाला तरी पैसे घालण्यात अर्थ नसतो. त्या जागा ओळखा. बाकीचे दोष म्हणजे भाव उतरवायचं निमित्त.

त्याआधी दोन गोष्टी तुमच्या तुम्हीच ठरवायच्या आहेत. पहिली, काम कसलं करणार? सागवानाच्या, किंजळाच्या चौकटी, दारं, देव्हारे असं भरीव लाकडाचं काम असेल तर 12 इंची पातं आणि 3 एचपी अगदी योग्य. एवढं पातं साधारण 4 इंचांपर्यंत जाडी कापतं, म्हणजे 4 बाय 3 ची चौकट आरामात निघते. पण रोज प्लायचे 8 बाय 4 चे अख्खे ताव फाडायचे असतील तर हे मशीन कितीही चांगलं असलं तरी तुम्हाला त्रास देईल. त्याला सरकत्या टेबलाचा पॅनेल सॉ लागतो. आणि जंगलातला गोल ओंडका यावर फाडायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. गोल लाकूड टेबलावर लोळतं आणि पात्यात अडकून उलटं येतं. शिवाय ओंडके फाडणं म्हणजे सॉ मिलचं काम, त्याला वन खात्याचा परवाना लागतो. आपला तालुका जंगलाचा, तेव्हा शेड टाकण्याआधी रेंज ऑफिसात एकदा जाऊन या.

दुसरी गोष्ट वीज. शेडपर्यंत हेस्कॉमचं थ्री फेज आहे का? नसेल तर 3 एचपीच्या मोटरसाठी व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा डबा, लावून सिंगल फेजवर काम निघू शकतं, पण एका अटीवर. मोटर 415 व्होल्टला स्टार जोडणीची हवी (नेमप्लेटवर बघा) आणि टर्मिनल बॉक्समधून सहा वायर बाहेर आलेल्या हव्यात, म्हणजे ती जोडणी बदलून 240 व्होल्टची डेल्टा करता येते. तीनच वायर असतील तर मोटर उघडावी लागेल. घरातल्या वायरिंगवर हा भार टाकायचा नाही, मीटरपासून वेगळी जाड लाइन ओढायची. हा सगळा खर्च 85 हजारांत नाही, वेगळा आहे हे धरून चला.

आता बघायला जाताना काय न्यायचं ते सांगतो. दोन फुटांची चांगली स्टीलची स्ट्रेट एज (अगदी सरळ कडेची पट्टी), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), गुण्या, टॉर्च, मार्कर. ओळखीच्या लेथवाल्याकडून मॅग्नेटिक बेससकट डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) अर्ध्या दिवसासाठी मागून घ्या. एखादा इलेक्ट्रिशियन सोबत असेल तर त्याचा करंट मोजायचा टाँग टेस्टर. तुमचं स्वतःचं नीट धार असलेलं पातं आणि तुमच्याच कामातलं वाळलेलं लाकूड. व्यापाऱ्याचं लाकूड बहुतेक वेळा मऊ असतं, त्यावर कुठलंही मशीन लोण्यासारखं चालतं. आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, की मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. गार मशीन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही.

पोचल्यावर आधी रंग बघा. नवा रंग म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही, मीही रंग मारूनच मशीन देतो. पण रंग कसा मारलाय त्यावरून आत काय काम झालंय ते कळतं. मशीन खरंच सुटं करून जोडलं असेल तर बोल्टच्या डोक्यांवर, वॉशरखाली, ऑइलच्या भोकात रंग गेलेला नसतो, किंवा पाना लागून उडालेला असतो. बोल्ट, नेमप्लेट, बेल्ट, वायर असं सगळं एकाच फवाऱ्यात हिरवंगार झालं असेल तर ते मशीन उघडलेलंच नाही, धुऊन रंगवलंय. मग 'बेअरिंग बदलली' हे वाक्य ऐकून सोडून द्या. उघडलेलं असेल तर व्यापाऱ्याला सरळ विचारा, की काढलेली जुनी बेअरिंग, जुना बेल्ट आहे का? काम करणाऱ्याकडे ते डब्यात कुठेतरी पडलेलं असतंच.

त्यानंतर वीज पूर्ण तोडायला सांगा, पातं काढायला सांगा आणि टेबलाखाली टॉर्च मारा. मी जी वेळ देतो ती बहुतेक इथेच देतो. टेबलाखालचे ते दोन कमानीसारखे बिडाचे तुकडे ज्यावर पात्याचा सगळा संच कलतो, त्यांना ट्रनियन म्हणतात. पुढचा एक, मागचा एक. शाफ्ट, मोटर, उंचीची चाकं हे सगळं त्यांच्या जिवावर लटकलेलं असतं. मशीन उतरवताना आपटलं, ट्रकमध्ये आडवं पडलं की तडा बहुतेक इथेच जातो. बीड वाकत नाही, फुटतं. बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ शोधा. रंगाखाली पिवळी लकेर दिसली तर ते पितळी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोड आहे. एखादी जागा उगाच गुळगुळीत आणि गुबगुबीत वाटली तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते, चावीच्या टोकाने हलकं खरवडून बघा. छोट्या हातोडीने टिचकी मारा. अखंड बीड वाजतं, तडा गेलेलं बद्द आवाज देतं.

टेबलाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर जुना वेल्डिंगचा जोड असेल तर मी फारसं मनावर घेत नाही. ट्रनियनवर किंवा शाफ्ट धरणाऱ्या बिडाच्या हातावर जोड दिसला तर मी तिथून चहा घेऊन परत येतो. निकेल रॉडने बीड जोडता येतं, आपल्याकडे ते करणारे चांगले कारागीर आहेत. पण जोडताना तो तुकडा किंचित ओढला जातो, आणि तेवढं ओढलं जाणंही पात्याची रेषा बिघडवायला पुरतं. जुन्या परदेशी मशीनचा तो भाग बाजारात मिळत नाही. नवीन ओतून घ्यायचा तर पॅटर्न करा, ओता, मशीनिंग करा. फाउंड्री दारात असूनही एका नगासाठी ते परवडत नाही.

टेबल सपाट आहे का हे स्ट्रेट एज कडेवर उभी करून बघा. लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. पलीकडून टॉर्च धरा म्हणजे फट दिसते, तिथे फिलर गेज घाला. पात्याच्या आजूबाजूला 0.15 मिमीपर्यंत झोल असेल तर चौकटी-दारांच्या कामाला मी ते चालवून घेतो. लांबच्या कोपऱ्यात 0.3 मिमी असेल तरी काही बिघडत नाही. पात्याजवळ उंचवटा असेल तर मात्र लाकूड त्यावर डुलतं, आणि काप कधीच गुण्यात येत नाही. एक कर्ण बरोबर आणि दुसरा उचललेला असेल तर टेबलात पीळ आहे. पण घाबरून जाण्याआधी टेबलाचे बोल्ट सैल करून परत माप घ्यायला सांगा. बऱ्याचदा पीळ टेबलात नसतो, बोल्ट आवळताना खाली कुणीतरी चुकीचा शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) ठेवलेला असतो. पीळ टेबलातच असेल तरी बेळगावात ग्राइंडिंगला टाकून तो काढता येतो, फक्त खालच्या बाजूला टेबलाची जाडी पुरेशी आहे का बघा. तो खर्च अधिक नेण्या-आणण्याचं भाडं भावातून वजा करा.

गंजाबद्दल एवढ्या पावसातल्या खानापूरवाल्यांना मी काय सांगणार. वरवरचा गंज घासून जातो. बारीक खड्डे पडले असतील तर दिसायला वाईट, कामाला अडचण नाही. अथणी-रायबागसारख्या कोरड्या भागातलं मशीन आलं असेल तर गंज कमी आणि गिअरच्या दात्यांमध्ये, खाचांमध्ये धूळ घट्ट बसलेली, एवढाच फरक.

आता शाफ्ट, म्हणजे ज्यावर पातं बसतं तो. बेल्ट उतरवायला सांगा. व्यापारी कां-कूं करेल, पण बेल्ट उतरवल्याशिवाय शाफ्टचं काही कळत नाही. हाताने फिरवा. खरखर, अडकणं, मधेच जड होणं हे बेअरिंगचं लक्षण. बेअरिंग ही किरकोळ गोष्ट आहे. 6204, 6205, 6206 असा नंबर बाहेरच्या कडेवर कोरलेला असतो, आतलं भोक अनुक्रमे 20, 25, 30 मिमी. भरवशाच्या दुकानातून अस्सल माल घेतला तर काही शे रुपयांचं काम. त्यासाठी मशीन नाकारायचं नाही.

गुळगुळीत फिरतंय पण हलतंय, हे जास्त वाईट. डायल गेजचं टोक शाफ्टवर टेकवा आणि खालून लाकडी दांड्याने शाफ्ट उचलून बघा. काटा 0.02-0.03 मिमीच्या वर सरकला आणि बेअरिंग तर नवीन वाटतंय, तर खेळ बेअरिंगमध्ये नाही, ते ज्यावर बसलंय त्या जागेत आहे. जुनं बेअरिंग जाम होऊन शाफ्टवरच फिरत राहिलं की ती जागा खाल्ली जाते. मग शाफ्टवर सेंटर पंचचे ठिपके मारून किंवा पातळ पत्रा गुंडाळून नवीन बेअरिंग ठोकून बसवायची एक पद्धत आहे. ते दाखवायच्या दिवशी घट्ट असतं, दोन महिन्यांत परत सुटतं. याचा इलाज इथे सोपा आहे. जुना शाफ्ट नमुना म्हणून न्यायचा, ईएन-8 किंवा ईएन-24 पोलादाच्या बारमधून नवीन टर्न करून ग्राइंड करून घ्यायचा. बेअरिंगची बाहेरची जागा, म्हणजे बिडातलं भोक खाल्लं असेल तर बोअरिंग करून स्लीव्ह, म्हणजे आतून एक नळी, घालावी लागते. होतं तेही, पण मशीन पूर्ण सुटं करावं लागतं. दोन्हीपैकी काही असेल तर भावात मोठी घासाघीस करायला तुम्हाला आधार आहे.

पातं ज्याला टेकतं त्या फ्लँजच्या तोंडावर डायल गेज लावा आणि शाफ्ट हाताने एक फेरा फिरवा. हे पातं काढूनच करायचं, कारण पात्याचा स्वतःचा वाक त्यात मिसळला तर काहीच कळत नाही. 0.02 मिमीपर्यंत उत्तम. 0.05 ला मी बोलायला लागतो. फ्लँजची कड मध्यापासून साधारण 30 मिमीवर असते, पात्याची कड 150 मिमीवर, म्हणजे फ्लँजवरची चूक दातांवर पाचपट होऊन निघते. 0.05 चे 0.25 झाले की काप जाड पडतो, कडा खडबडीत निघतात, आणि लोक पात्याला दोष देत नवीन पाती घेत बसतात. फ्लँजला लेथवर फेस मारून हे सुधारतं, जर शाफ्ट सरळ असेल तर. शाफ्टच वाकलेला असेल तर वर सांगितलेला नवीन शाफ्ट.

जाता जाता भोकाचं मापही घ्या. शाफ्ट 30 मिमीचा आहे की 25.4 चा? 30 मिमी भोकाच्या पात्यात रिंग घालून ते 25.4 वर बसवता येतं. उलटं होत नाही.

आता जी तपासणी फारसं कुणी करत नाही ती. पातं लावा, एका दाताला मार्करने खूण करा. तो दात टेबलाच्या पुढच्या बाजूला आणून टेबलावरच्या लांब सरळ खाचेपासून त्याचं अंतर डायल गेजने घ्या. मग तोच दात हाताने फिरवून मागच्या बाजूला आणा, परत अंतर घ्या. दात तोच ठेवायचा म्हणजे पात्याचा वाक मध्ये येत नाही. दोन्ही अंतरांत 0.1 मिमीच्या आत फरक असेल तर पातं खाचेला समांतर आहे. हे झालं 90 अंशांत. आता पातं 45 अंशांना कलवा, लॉक करा आणि हेच माप परत घ्या. मग परत 90 ला आणा, परत माप. असं दोन-तीनदा करा.

मशीन घ्यायचं की नाही हे बहुतेक इथेच ठरतं. 90 ला बरोबर आणि 45 ला 0.4 मिमी चुकतंय, पण दरवेळी तेवढंच चुकतंय, तर टेबल आणि कलण्याचा अक्ष एकमेकांना समांतर नाहीत एवढंच. टेबलाच्या पुढच्या किंवा मागच्या बोल्टखाली शिम घालून ते बसतं, एका दुपारचं काम. पण 90 ला परत आणल्यावर प्रत्येक वेळी वेगळंच माप येत असेल, लॉक आवळताना पातं सरकत असेल, तर ट्रनियनच्या खाचा झिजल्यात किंवा कुठेतरी न दिसणारा तडा आहे. ठरलेली चूक शिमने मारता येते. दरवेळी जागा बदलणाऱ्या चुकीला शिम कुठे घालणार? असं मशीन मी 85 हजारांना काय, अर्ध्या भावातही घ्या म्हणणार नाही, फक्त मोटर आणि टेबलाच्या भंगारभावाने मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

कलवण्याचं आणि उंचीचं चाक फिरवताना सुरुवातीला थोडा रिकामा फेरा जातो, त्याने बिघडत नाही. पाव फेरा चालतो. लॉक केल्यावर पातं हलत नाही ना, एवढंच बघा. दात्यांमध्ये भुसा आणि जुनं ग्रीस मिळून दगड झालेला असतो, तो काढल्यावर निम्मी जडपणाची तक्रार जाते.

गाईडपट्टीवर, म्हणजे लाकूड जिला टेकवून ढकलतो त्या पट्टीवर, फार वेळ घालवू नका. ती लॉक केल्यावर पात्याच्या पुढे आणि मागे खाचेपासून सारखी असावी, मागे उलट पात्याकडे झुकलेली मुळीच नको, त्याने लाकूड पातं आणि पट्टीमध्ये चेपलं जातं. ती खराबच असेल तर स्टीलचा चौकोनी पाइप आणि अँगल आणून इथला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर नवीन करून देतो.

मोटर. नेमप्लेट वाचा: एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम. रिवाइंड केलेली मोटर वाईट नसते, तांब्याची तार आणि व्हार्निश नीट असलं की झालं. तिन्ही फेजवर टाँग टेस्टर लावा, तिन्हींचा करंट जवळपास सारखा हवा. एका फेजवर वेगळा दिसला तर आधी व्यापाऱ्याच्या लाइनचं व्होल्टेज तपासा, मग मोटरला दोष द्या. 3 एचपीची मोटर भरल्या लोडवर 415 व्होल्टला साधारण पाच अँपिअरच्या आसपास घेते. रिकामी चालतानाच त्याच्या जवळ गेली तर बेअरिंग जाम आहे किंवा वाइंडिंग चुकलंय. अर्धा तास चालवून हात लावून बघा.

आरपीएम मात्र नीट वाचा, कारण इथे एक चूक वरचेवर दिसते. मूळची 2880 आरपीएमची मोटर जळालेली असते आणि तिच्या जागी हाताशी असलेली 1440 ची बसवलेली असते. पुली त्याच. 2880 ची मोटर, तिच्यावर 4 इंची पुली आणि शाफ्टवर 3 इंची, म्हणजे पातं 3840 ने फिरतं. 12 इंची पात्याचे दात तेव्हा सेकंदाला सुमारे 61 मीटर धावतात, तासाला 220 किलोमीटर. कार्बाइडच्या पात्याला असाच वेग लागतो. मोटर 1440 ची झाली की तो निम्मा होतो. मशीन शांत चालतं, व्यापारी म्हणतो "बघा की, आवाजच नाही." पण लाकूड ढकलावं लागतं, आणि ढकलण्यातच हात घसरतात. पुली बदलून हे सुधारतं, तरी एवढ्या फरकासाठी मोठी पुली लागते आणि ती आत बसेल का ते बघावं लागतं. उलट वेग जास्त होत असेल तर पात्यावर छापलेल्या कमाल आरपीएमच्या वर जाता कामा नये.

आता सुरू करा. पात्याच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा. फिरण्याची दिशा बघा, पुढचे दात तुमच्याकडे येत खाली जायला हवेत. थ्री फेजमध्ये दोन वायर उलटसुलट झाल्या की मोटर उलटी फिरते आणि पात्याचा नट सुटू शकतो. घरी नेऊन जोडतानाही हे पातं काढूनच तपासा. बरेच व्यापारी टेबलावर नाणं उभं करून दाखवतात. ते बघायला छान आहे. पण एवढ्या जड बिडाच्या टेबलावर बेअरिंग वाजत असतानाही नाणं उभं राहतं. मी त्यापेक्षा मशीन बंद करतो आणि वेग कमी होत जाताना ऐकतो. एका ठराविक वेगाला सगळं मशीन थरथरलं आणि परत शांत झालं तर पुली किंवा पात्याचा तोल बिघडलाय. ठराविक अंतराने धक धक येत असेल तर बेल्ट एकाच जागी पडून राहून वाकलाय, तो बदलायचा.

तुमचं लाकूड कापा. आधी एक रुंद फळी आडवी कापा, दोन तुकड्यांपैकी एक उलटा करा आणि दोन्ही कापलेली टोकं टेबलावर एकमेकांना टेकवा. पातं गुण्यात नसेल तर चुकीच्या दुप्पट फट दिसते. मग दोन इंची सागवान लांबीत फाडा आणि कापलेली बाजू उजेडात तिरकी धरा. दातांच्या कमानीसारख्या रेघा एकाच दिशेच्या असतील तर ठीक. दोन्ही दिशांच्या कमानी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर मागचे दातही लाकूड घासतायत, म्हणजे समांतरपणा बिघडलाय. एकाच बाजूला करपल्याचे डाग असतील तर बहुतेक गाईडपट्टी.

सुरक्षेबद्दल मी थोडा हट्टी आहे. पात्यामागे एक पोलादी पाती असते, रायव्हिंग नाइफ. कापलेली फट मिटून पातं पकडलं जाऊ नये आणि लाकूड तुमच्या पोटावर उलटं येऊ नये यासाठी ती असते. सागवान ताण धरून असेल किंवा नीट वाळलेलं नसेल तर फट मिटतेच. ही पाती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा पातळ लागते. दात 3.2 मिमी कापत असतील आणि पत्रा 2.2 चा असेल तर 2.5 ते 2.8 मिमी. पात्यापासून अंतर 3 ते 8 मिमी. आपल्याकडे आलेल्या जुन्या मशीनवर ती क्वचितच शिल्लक असते, कुणीतरी 'मध्ये येते' म्हणून काढून टाकलेली असते. तुम्ही बघायचं ते एवढंच, की ती बसवायची जागा शिल्लक आहे का, आणि ती जागा पात्याबरोबर वर-खाली होते, कलते का. जागा असेल तर पाती स्प्रिंग स्टीलमधून करून मिळते. जागाच नसेल, किंवा ती टेबलाला ठोकलेली असेल, तर अशा मशीनवर मी फक्त वाळलेलं, सरळ लाकूड फाडीन, आणि तुम्ही नवीन मुलगा हाताखाली ठेवणार असाल तर ते घेऊच नका म्हणेन.

स्टार्टरही तितकाच महत्त्वाचा. चालू मशीनची वीज मेन स्विचवरून बंद करायला सांगा आणि परत द्यायला सांगा. मशीन आपोआप सुरू झालं तर वीज जाताच स्टार्टर सोडवणारी नो-व्होल्ट कॉइल नाही किंवा बांधून ठेवलीय. आपल्याकडे लाइट कधी जाते, कधी येते याचा भरवसा नाही. हात पात्याजवळ असताना ती आली तर? चांगला स्टार्टर आणि एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावून घ्या. तो नसेल तर एक फेज गेल्यावर मोटर घुमत राहते आणि जळते, वाइंडिंगवाल्यांचा अर्धा धंदा त्यावर चालतो.

तर तुमच्या 85 हजारांचं काय? ट्रनियन अखंड, माप दरवेळी तेच येतंय, टेबल पात्याजवळ सपाट, आणि रायव्हिंग नाइफची जागा शिल्लक, हे चार जमले तर बाकी काहीही असो, बोलणी करायला बसा. बेअरिंग, शाफ्ट, मोटर, पुली, स्टार्टर, गाईडपट्टी यातलं जे खराब सापडेल त्याचा बेळगावातला दर आधीच विचारून ठेवा आणि तेवढे वजा करून बोला. चारांतलं पहिलं किंवा दुसरं चुकलं तर उठा. अँगलच्या फ्रेमवर बिडाचं टेबल बसवलेली इथली साधी, न कलणारी सर्क्युलर सॉ त्यापेक्षा बरी. आपल्या भागातल्या कितीतरी चौकटी तसल्याच मशीनवर निघाल्यात, तिला मी नावं ठेवत नाही.

तोंडी गॅरंटीला काही किंमत नाही. बिलावर मशीनचा नंबर, मोटरचा नंबर, कुठलं काम केलं, कुठली बेअरिंग घातली ते लिहून घ्या. व्यापारी जीएसटीवाला असेल तर 85 हजारांत 18 टक्के धरलेत की वरून लागणार ते आधीच विचारा. 50 हजारांवरचा माल महाराष्ट्रातून कर्नाटकात आणायचा तर मालवाहतुकीचं ई-वे बिलही लागतं, ते त्यालाच करायला लावा.

गाडीत चढवताना पट्टा मशीनच्या पेटीखालून घालायला लावा. टेबलाच्या कडेला किंवा गाईडच्या दांड्याला धरून कुणी उचललं तर तिथेच ओरडा. पातं 90 अंशांवर, खाली उतरवून, लॉक करून. घरी जमीन सपाट नसेल तर चारही पायांखाली शिम घालून टेबल लेव्हल करा आणि समांतरपणाचं माप पहिल्या दिवशी परत घ्या, निपाणीजवळच्या घाटातून आलेलं मशीन थोडं तरी हललेलं असतंच. पावसाळ्यात टेबलावर साधं पॅराफिनचं मेण घासून ठेवा. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, तो लाकडाला लागला की वर पॉलिश धरत नाही.